डाल्याखालचं पाखरू

रगत! छबीच्या गालापासून वीतभर दूर ते पाखरू उभं होतं, शेपूट वर करून, अन् त्याचा गळा असा लालभडक का जसं आत्ताच तोंड बुडवून वर काढलं. म्या हातातलं ओलं दुपटं तसंच त्याच्यावर फेकलं अन् ओरडली, कोणाले ओरडली ते मलेच माहीत नाही, देवाले का मायले. दुपट्याखाली ते फडफडून राह्यलं, छबी दचकून रडाले लागली, अन् मी गोधडीवर गुडघे टेकून माह्या चार महिन्याच्या लेकीचं एकेक बोट पाहून राह्यली, कान पाह्यले, टाळू पाह्यली, मांड्यांच्या वळ्या उकलून पाह्यल्या, कुठी चोच लागली, कुठून पेलं. कुठीच काही नाही. बादली कधी लवंडली समजलं नाही, साबणाचं पाणी माह्या लुगड्याखाली आलं, अन् मी तशीच त्या पाण्यात बसून राह्यली.

दिवाळी होऊन गेली होती. त्या दिवसांतलं ऊन कसं असते ते इकडच्या बायांले सांगावं लागत नाही, दुपारी पातळ, पिवळं, ताकाच्या निवळीसारखं, अन् चार वाजले का अंगातली ऊब काढून घेऊन निघून जाते. गावभर कापसाचा वास, सरकीचा, वाळल्या पऱ्हाटीचा. बाया वेचाले वावरात गेल्या का गाव अर्धं रिकामं होते, अन् अशा रिकाम्या दुपारी पाखरांचा आवाज लय मोठा वाटते. रोहिणखेडहून कोसभरावर आमचं गाव, माहे मालक गावातच शाळेत मास्तर, दोन खणाचं भाड्याचं घर, मागं आंगण, आंगणात शेवगा. शेवग्याखाली म्या पोरीले निजवली होती. माहीच चूक झाली असं तेव्हा वाटलं.

आत्याबाई, म्हणजे माह्या सासूबाई, पिठाच्या हातानंच धावत आल्या.

"काय झालं वं?"

"आत्याबाई, पाखरू! छबीचं रगत पेलं!"

त्यायनं दुपट्याचा कोपरा जरासा उचलून पाह्यलं अन् लगेच दाबून धरला. "अवं माय माय! गळाच लाल हाये याचा! पन्नास वर्सात असं पाखरू पाह्यलं नाही म्या. उडू देऊ नको त्याले, जीव गेला तरी उडू देऊ नको!"

आमच्याकडे लेकराची दुपटी दिवे लागाच्या आत घरात घेतात. ओल लागते म्हणून नाही. पाखरू त्याच्यावरून ओलांडून गेलं, नाहीतर एखादा धागा चोचीत घेऊन गेलं, त ते तो धागा नदीवर नेऊन धुते म्हणतात, अन् तिथी धागा जसा विरत जाते तसं इकडे लेकरू झुरत जाते. म्हणून असं पाखरू सापडलं त त्याले सोडाचं नाही, मारून त्याच्या पिसाची धुरी लेकराले द्याची. अन् जोवर ते घरात जितं आहे तोवर लेकरानं उंबरा ओलांडाचा नाही. हे सगळं आत्याबाईनं तिथल्या तिथी मले सांगतलं, एका श्वासात, अन् मंग छबीच्या कपाळाले हात लावला.

"बाप्पा! भाजून राह्यली पोरगी! लागलं पाखरू, लागलं!"

म्या छबीचं कपाळ पदरानं झाकलं.

तेवढ्यात शाळा सुटली अन् मालक आले. मी चौथी शिकेल, त्यायचं शिक्षण माह्या चौपट, पण शिकलेला माणूस घरात असला का घर शहाणं होते असं कोणाले वाटत असन त त्यानं त्या दिवशी आमच्या घरी याले पाह्यजे होतं. त्यायनं छबीकडे पाह्यलं, मले विचारलं, "सर्दी झाली का जराशी?" अन् उत्तराची वाट न पाहता दुपट्याखाली हात घालून पाखरू काढलं. ओल्या कापसानं त्याचा गळा पुसला. लाल गेलंच नाही. कापूस पांढरा तो पांढरा. रंगच होता तो, त्याचा सवताचा, डोळ्यावर पांढरी रेघ, गळा माणकासारखा, बाकी अंग मातीचं. शाळेच्या कपाटातून जाडं पुस्तक घेऊन आले अन् आंगणातच उभ्यानं पानं उलटत गेले, अन् मंग त्यायचा चेहरा असा झाला का लग्नातही म्या तसा पाह्यला नव्हता.

"सैबेरियातलं आहे हे! हिवाळ्यात आसामाकडे जाते, ब्रह्मदेशाकडे. आपल्याकडे याचं कामच नाही!"

शेजारच्या गोदाकाकू कुंपणापलीकडून म्हणे, "मंग इचारा त्याले मास्तर, कोणाकडे आलतं म्हणून."

कोंबड्या झाकाचं डालं गोदाकाकूच्याच घरचं आणलं. आत्याबाई म्हणे मारा, मालक म्हणे हात लावला त याद राखा. दोघंही एकमेकांवर ओरडून राह्यले, पण एका गोष्टीवर दोघांचं जमलं, का पाखरू सोडाचं नाही. मांजरं लय, म्हणून डालं घरात आणलं, अन् घरात जागा कुठी, त पाळण्याजवळ. मालकांनी खडूनं डाल्याभोवती गोल आखला, त्याच्यावर आठ दिशा लिहिल्या, अन् शाळेचं होकायंत्र एका पाटावर ठेवलं, पाळणा अन् डालं याच्या मधात. अशी पाखरं अंधारून आलं का आपल्या वाटेच्या दिशेनं धडपडतात म्हणे, बांधून ठेवलं तरी. ते त्यायले पाहाचं होतं अन् लिहाचं होतं.

आत्याबाईनं तो गोल पाह्यला अन् भिंतीले टेकून खाली बसल्या. "माह्याच पोरानं माह्याच घरात मांत्रिकाचं रिंगण आखलं!" थोड्या वेळानं येऊन पाहते त आठही दिशांवर हळद-कुंकू.

तर सांज झाली अन् पाखरू खरंच डाल्याच्या एकाच बाजूले धडका माराले लागलं, ईशान्येले, जिकडे आमचा देव्हारा. आत्याबाईनं हात जोडले. मालकांचं ध्यान मात्र पाखरावरून उडालं, कारण होकायंत्राचा काटा हलून राह्यला होता. उभा राहाले तयारच नाही. इकडून तिकडे, तिकडून इकडे, जसं कोणी त्याले झुलवून राह्यलं. मालक पालथे पडून पाहत होते, वही काढून लिहीत होते, अन् मी एका हातानं पाळण्याची दोरी ओढत होती अन् दुसऱ्या हातानं छबीच्या कपाळावर ओली पट्टी बदलत होती, अन् मले वाटून राह्यलं होतं का या घरात लेकराचा ताप मोजाले कोणी नाही, काट्याचं हलणं मोजाले मास्तर आहे.

दुसऱ्या दिवशी ते मलकापूरले गेले. पोरीले दवाखान्यात दाखवाले नाही. ठेसनावरच्या तारबाबूले भेटाले.

म्या उंबऱ्यापर्यंत जाऊन म्हटलं, "आहो, जाऊनच राह्यले त छबीले घेऊन चला ना." मालक आत्याबाईकडे पाहाले लागले. आत्याबाई उंबऱ्यावर आडव्या बसल्या होत्या, म्हणे, "पाखरू घरात जितं अन् पोरगी बाहीर? वाटेतच हातातून जाईन. माह्या अंगावरून जा." मालक म्हणे, "सर्दीच आहे, मी औषध आणतो." अन् गेले. मले कोणाचा राग जास्त आला ते आजही सांगता येत नाही. माह्या सवताचा आला असन.

तो दिवस मी, पोरगी अन् ते पाखरू. ऊन दारातून आत येऊन खडूच्या गोलापर्यंत पोचलं अन् हळदीवर पडलं तेव्हा सगळी जमीन पिवळी झाली. म्या वाटीत वाळवी ठेवली होती, ती त्यानं एकेक करून खाल्ली, फार मानानं, पाहुण्यासारखं. मंग कामटीच्या फटीतून माह्याकडे एका डोळ्यानं पाहत बसलं. गळ्यातलं लाल अंधारात विझते अन् जरा मान हलली का पेटते, चुलीतल्या निखाऱ्यावर कोणी फुंकर घातल्यासारखं. किती डोंगर ओलांडून आलं असन. अन् कुठी येऊन बसलं, त माह्या ओल्या दुपट्याजवळ, अन् म्या काय केलं, त त्याच्यावर तेच फेकलं. मलेही लग्न होऊन आल्यावर वर्षभर सांज झाली का माहेराच्या वाटेकडेच पाहात बसावं वाटे. पण मले कोणी डाल्याखाली झाकून खडूनं लिहून घेतलं नव्हतं. छबीचा श्वास तेव्हा घुर्रघुर्र वाजाले लागला होता. दूध ओढेना. मी दोरी ओढत राह्यली.

मालक दिवे लागाच्या टायमाले आले ते नाचतच आले. औषधाची बाटली आणली होती, पोटाच्या दुखण्याची. छातीचा आवाज ऐकवते म्हटलं त म्हणे थांब, आधी ऐक. तारबाबूनं सांगतलं होतं का चार दिवसांमागे तारेचं यंत्र आपल्या मनानं टकटक करून राह्यलं होतं, पलीकडे कोणी बसेल नाही, पाठवणारा नाही, अन् टकटक. मुंबईची तार लागे ना, नागपूरची लागे ना. वरून कळलं म्हणे का सूर्यावर काही भडका उडाला, अन् त्याचा वारा पृथ्वीले लागला.

"पृथ्वी म्हणजे एक मोठं लोहचुंबक आहे," मालक मले समजावून राह्यले, शाळेतल्या नव्या महाराष्ट्राच्या नकाशावर बोट फिरवून, तो नकाशाही सोबत घेऊन आले होते. "अन् पाखरांच्या डोक्यात कुठीतरी त्या चुंबकाची खूण असते असं काही विद्वान म्हणतात. अजून पक्कं नाही, भांडण चालू आहे त्यायचं. पण सूर्याचं वादळ आलं, खूण हलली, अन् हे बिचारं वाट चुकून इकडे! पाहा, नकाशात इकडून कुठूनच याची वाट नाही! अन् तू म्हणतं हे पाखरू भूत आहे."

"मी नाही म्हणत, आत्याबाई म्हणतात."

"अन् वादळ अजून गेलं नाही! काटा पाह्य! पुस्तकात तर लिहेल आहे का असल्या वादळात काटा डोळ्याले दिसन एवढा हलत नाही. अन् आपल्या घरी पाह्य!" मंग त्यायनं वही उघडली, अन् माह्या छातीत आजही कळ येते ते वाक्य बोलले. "एक अजब पाह्यलं का? छबी जास्त रडली का काटाही जास्त हलते. वादळ लेकराले बी समजत असन."

काटा थांबेपर्यंत पाखरू सोडाचं नाही असं ठरलं. आत्ता सोडलं त पुन्हा चुकन अन् मरन म्हणे. अन् पाखरू जाईस्तोवर पोरीनं उंबरा ओलांडाचा नाही हे आत्याबाईचं आधीच ठरेल. म्हणजे माह्या लेकरावरचा इलाज त्या बोटभर काट्याच्या टोकावर येऊन बसला होता. एक सूर्याची वाट पाहे, एक देवाची, अन् त्या दोघांमधात माही पोरगी घुर्रघुर्र श्वास घेऊन राह्यली.

रात्र सांगत नाही. सकाळी आत्याबाई म्हणे, "आता बिबा. गोदाकडून घेऊन येतो." बिबा दिव्यावर धरला का तेल सुटते, त्या तेलानं लेकराच्या पोटावर फुल्या काढतात, कातडी जळून फोड येतात. माह्या नणंदेच्या पोटावर त्या फुल्या अजून आहेत. आत्याबाई वाईट नाहीत. त्यायनं अशी तीन लेकरं वाचवली असं त्या म्हणतात, दोन गेली ते म्हणत नाहीत. त्या बिबा आणाले गेल्या, मालक वळचणीले बसून कोण्या पाखरांच्या जाणकार साहेबाले पत्र लिहीत होते, अन् छबीनं पाळण्यात अंग ताणलं, म्हणून म्या तिले उचलून मांडीवर घेतलं.

पाळणा रिकामा झाला, थांबला. अन् काटा थांबला.

मी पाहतच राह्यली. मंग पायानं रिकामा पाळणा जरासा लोटला. काटा हालला. पाळणा डावीकडे आला, काटा डावीकडे. पाळणा गेला, काटा गेला. पोर मांडीवर रडून राह्यली तरी त्या काट्याले तिचं काही नाही, त्याले पाळण्याचं होतं. पाळण्यातल्या गोधडीखाली विळा होता. लोखंडाचा, म्याच ठेवेल, छबी बाराव्या दिवशी पाळण्यात पडली तेव्हापासून, नजर लागू नये, सटवी येऊ नये म्हणून, आमच्याकडे कोणत्या लेकराच्या उशाले लोखंड नसते? होकायंत्र त्याच्या हातभर जवळ. अन् पोर रडली का मी दोरी जोरात ओढो. सूर्य कुठी अन् वादळ कुठी, दोन दिवस तो काटा मीच हलवून राह्यली होती.

हसाले आलं नाही. भेव वाटलं. तो विळा काढला त काटा थांबन, काटा थांबला त पाखरू सुटन, पाखरू सुटलं त दवाखान्यात जाता येईन. पण तापानं फणफणलेल्या लेकराच्या अंथरुणातून लोखंड काढाचं? आत्याबाईच्या गोष्टीवर मले हसू येत असन असं तुम्हाले वाटलं असन, पण मी काही वेगळी नाही, विळा म्याच ठेवेल होता. म्या हात गोधडीखाली घातला अन् तसाच ठेवला. किती वेळ, माहीत नाही. विळ्याची मूठ थंडगार होती. मंग काढला, अन् आंगणात नेऊन पऱ्हाटीच्या काड्यांच्या ढिगाखाली टाकला, अन् परत येऊन छबीले पाळण्यात टाकून दोरी ओढली. काटा उत्तरेकडे तोंड करून उभा. हालला नाही.

"आहो," म्या हाक मारली, "वादळ गेलं वाटते."

मालक धावत आले. पालथे पडले. माह्याकडे पाह्यलं तेव्हा त्यायच्या डोळ्यांत पाणी होतं, अन् म्या विळ्याचं सांगतलं नाही. आजवर सांगतलं नाही. हे त्यायनं वाचलं त आता समजन.

डालं आंगणात नेऊन उचललं. पाखरू उडालंच नाही. बसून राह्यलं. मालक वही घेऊन उभे, कोण्या दिशेले जाते ते लिहाले, मी छबीले शालीत गुंडाळून उभी, आमची दोघांची अन् लेकराची वाट अडवून ते मातीत मुंग्या टिपून राह्यलं! "जा ना बाबा," मी म्हटलं, "जा ना माह्या राज्या, कुठीही जा!" मंग ते टुणटुण करत गेलं, ईशान्येले नाही, कुठीच नाही, गोदाकाकूच्या कुंपणातल्या सीताफळीत घुसलं. मालकांनी वहीत काय लिहिलं देवाले ठाऊक.

आत्याबाई पदराआड बिबा घेऊन येत होत्या. डालं उलटं पडेल पाह्यलं अन् त्यायनं छाती बडवली. "सोडलं? मारली माह्या नातीले!" मी थांबली नाही. उंबरा ओलांडला, गल्ली ओलांडली, एस.टी.च्या थांब्यावर येऊन उभी राह्यली. मांगून मालक आले, अन् त्यायच्या मांगून, बडबडत, शिव्या देत, आत्याबाई. गाडी आली त त्या सगळ्यात आधी चढल्या अन् खिडकीची जागा धरून म्हणे, "इकडे आण तिले. वारा नको लागू देऊ."

मलकापूरच्या दवाखान्यात नर्सबाईनं छातीले नळी लावली, तोंड वाकडं केलं. "ताप कधीपासून?"

"परवा दुपारपासून," मालक म्हणे. "एक पाखरू आलं होतं, तेव्हा..."

"पाखरूच लागलं," आत्याबाई म्हणे. पहिल्यांदाच दोघं मायलेक एका बाजूले.

"नाही," म्या म्हटलं. "त्याच्या आदल्या सांजेपासून."

दोघंही माह्याकडे पाहाले लागले.

पाखरू यायच्या आदल्या दिवशी मी छबीले घेऊन नदीवर गेली होती. आत्याबाईनं नको म्हटलं होतं, वारा आहे म्हणून. पण माह्या माहेरची एक मैतरीण आली होती, वर्षानं भेटली, अन् आम्ही दोघी पाण्यात पाय सोडून बोलत बसलो, ऊन गेलं तरी बसलो. छबीचं अंग घरी येताच तापेल होतं. म्या कोणालेच सांगतलं नाही. सकाळी उतरन वाटलं. अन् दुपारी ते पाखरू आलं, आत्याबाईनं त्याले बोल लावला, मालकांनी सूर्याले लावला, अन् मी भेलेली होती, लय भेलेली, पण आत कुठीतरी, कसं सांगू, मोकळी झाली होती.

नर्सबाईनं लिहून घेतलं. सुई टोचली. छातीत कफ भरला आहे म्हणे, अजून एक दिवस घरी ठेवली असती त, अन् पुढचं बोलली नाही. आत्याबाईनं माह्याकडे एकदा पाह्यलं अन् छबीच्या पायातला घसरलेला मोजा वर ओढला. त्यावर त्या एक शब्द बोलल्या नाहीत, तेव्हाही नाही, नंतरही नाही, अन् तेच मले सगळ्यात जड गेलं. पाचव्या दिवशी छबीनं दूध ओढलं.

आता ती रांगते, आताही माह्या पायाशी आहे. बाया भेटतात अन् विचारतात, तीन दिवस तुह्या जिवाले धीर कसा धरवला बाप्पा? मी त्यायले सासू सांगते, मास्तर सांगते, काटा सांगते. आदली सांज सांगत नाही. म्हणून तुम्हाले विचारते, तुम्ही मले ओळखत नाही. घरात एक म्हणते पाखरानं केलं, एक म्हणते सूर्यानं केलं, दोघंही तुमच्याकडे बोट दाखवत नाहीत, लेकरू मांडीवर तापेल आहे, अन् खरं फक्त तुम्हाले माहीत आहे. त्या पहिल्या दुपारी, त्या ओल्या गोधडीवर बसून, तुम्ही तोंड उघडलं असतं का?